पलंगाची जागा

२ फेब्रुवारी

टगबोट संपली! अठ्ठेचाळिसावं मॉडेल. चार महिने, दोन चष्मे आणि मानेचा एक पट्टा, एवढ्यात झालं. बंदरात मोठ्या जहाजांना ओढून नेणारी ती बुटकी बोट असते ना, ती. वीतभर. कठड्याचे गज केसाएवढे. ते चिमट्याने बसवताना श्वास धरावा लागतो. ही म्हणते, "एक दिवस धराल आणि सोडायला विसराल."

आता ठेवायची कुठे? करताना हा प्रश्न कधी पडत नाही, झाल्यावर रोज पडतो. हॉलमधल्या काचेच्या कपाटात विमानं इतकी दाटीने उभी आहेत की एक बाहेर काढायचं तर दोन पंख दुसऱ्या कुणाला तरी धरायला लावावे लागतात. दुसरं कुणी म्हणजे ही. ती आता धरत नाही. पुस्तकांच्या पुढे ट्रक, टीव्हीमागे क्रेन. टगबोट तूर्त फ्रिजवर.

३ फेब्रुवारी

फ्रिजवर ठेवू नये. फ्रिज थरथरतो. थरथरत थरथरत बोट कडेला आली आणि सकाळी ही खाली दुधाचं पातेलं ठेवत असताना नेमकी त्यात उतरली. बुडाली नाही, तरंगली! मला आनंद झाला. तो तोंडावर दिसला, तिथे चुकलं.

एक गज तुटला होता. गाळणीत सापडला.

६ फेब्रुवारी

बोट शेवटी भिंगरीच्या खोलीत. भिंगरी म्हणजे आमची एकुलती एक; लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव, आणि तिशी उलटली तरी तेच. तिचं लग्न होऊन पाच वर्षं झाली. तेव्हा हिच्याशी तह झाला होता की तिच्या खोलीत माझी फक्त एक फळी. पण मी बोट दिल्यावर मनगट धरणाऱ्यातला. फळीनंतर टेबल घेतलं, मग खिडकीची कड, मग तिच्या शाळेच्या बक्षिसांचा कोनाडा. धूळ झटकायला तिचाच मेकअपचा ब्रश वापरतो. मागच्या वेळी आली तेव्हा तो शोधत होती. मी पेपर वाचत राहिलो.

पलंगावर मात्र अजून काही ठेवलेलं नाही. खोकी सोडून.

९ फेब्रुवारी

सुतार आला होता. माझ्या मनात आहे ते असं: या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच कपाट, सरकत्या काचा, फटींना रबर, धुळीचा कण आत जाता कामा नये. त्याने दोनदा माप घेतलं आणि म्हणाला, "काका, एक तर कपाट, नाहीतर पलंग. दोन्ही पाहिजे तर भिंत ताणावी लागेल."

ही दारातूनच म्हणाली, "पलंग हलणार नाही."

मी म्हटलं, वर्षातून चार दिवस येते ती. हॉलमधला सोफा उघडला की झोपता येतं.

"चार दिवस येते म्हणून तिची खोली नाही का?"

सुतार मापाची पट्टी गुंडाळत राहिला. मी म्हटलं, मला दिसतंय ना, पलंग नुसता जागा अडवून बसलाय. त्यावर ही जे बोलली ते इथे लिहून ठेवतो, कारण चष्म्याच्या दुकानदाराला असं कुणी बोलू नये. म्हणाली, "दुकानात दिवसभर लोकांना विचारता, हे स्पष्ट की ते. घरात कधी स्वतःला विचारा."

१० फेब्रुवारी

जेवताना एकूण संभाषण: "वाढू का?" "नको."

१२ फेब्रुवारी

भिंगरीलाच फोन केला. म्हटलं हायकोर्टात जावं. सगळं नीट समजावून सांगितलं: पलंग, कपाट, रबर, धूळ. ती म्हणाली, "काढा की, बाबा. रिकामी खोली अडवून काय करायचंय."

हे वाक्य मी शब्दशः हिला ऐकवलं. माझी छाती इंचभर फुगलेली. ही विचारते, "आवाज कसा होता तिचा?"

"आवाज? फोनवर असतो तसा."

"जावयांबद्दल काही बोलली?"

"मी कपाटाबद्दल बोलायला फोन केला होता."

"मागच्या तीन फोनला त्यांचं नावसुद्धा काढलं नाही तिने," ही म्हणाली. कामात असतील, म्हटलं. बायकांना कशातही काहीतरी दिसतं. सुताराला होकार कळवला.

१९ फेब्रुवारी

आज नवल झालं. भिंगरीचा फोन, दुकानात, आणि थेट मला! आईला नाही. म्हणाली, "बाबा, नाजूक वस्तू लांब न्यायच्या असतील तर बांधायच्या कशा? तुम्ही ती मॉडेलं प्रदर्शनाला नेता ना, तशा."

मी समोरच्या गिऱ्हाइकाला अक्षरांच्या पाटीसमोर तसंच बसवून ठेवलं आणि पाऊण तास बोललो. वस्तूचा भार नेहमी बैठकीवर घ्यायचा, बारीक भागावर कधी नाही. वर्तमानपत्र वापरायचं नाही, शाई लागते. मऊ टिश्यू घ्यायचा. खोकं हलवून बघायचं, आतून आवाज आला की पुन्हा उघडायचं. खोक्यावर चारही बाजूंनी "ही बाजू वर" लिहायचं, कारण टेम्पोवाला एकच बाजू वाचतो, आणि ती नेमकी कोरी असते. तुटलेला तुकडा कितीही बारीक असला तरी फेकायचा नाही. पाकिटात घालून त्याच खोक्याच्या तळाला चिकटवायचा. आज नाही तर वर्षाने जोडता येतो.

ती लिहून घेत होती. मधे मधे म्हणायची, "थांबा, बाबा, जरा हळू."

शेवटी विचारलं, "आणि पोहोचल्यावर लगेच उघडायचं?"

म्हटलं, मुळीच नाही! सगळे तिथेच घाई करतात आणि पस्तावतात. नव्या जागेत खोकं निदान एक दिवस बंद ठेवायचं. तिथली हवा अंगवळणी पडू द्यायची.

"बरं," ती म्हणाली. "एक दिवस पुरतो?"

"नाजूक असेल तर जास्त."

गिऱ्हाईक तोवर पाटी पाठ करून बसलं होतं. त्याची पुन्हा तपासणी करावी लागली.

२० फेब्रुवारी

हिला काल सगळं रंगवून सांगितलं. लहानपणी माझ्या मॉडेलांना "बाबांची न खेळायची खेळणी" म्हणणारी मुलगी एकतीस वर्षांनी का होईना शहाणी झाली. लग्नात मी तिला दीपगृहाचं मॉडेल दिलं होतं. तिच्याकडे घराला रंग द्यायचा असणार, म्हणून ते हलवायचं असेल. ही म्हणाली, "एका दीपगृहासाठी पाऊण तास?"

ज्याला कळतं त्याला कळतं, म्हटलं.

चार पानी सूचना आकृत्यांसकट लिहून तिला पाठवल्या. उत्तर आलं: "थँक्यू बाबा." पुढे काही नाही. इतकं मुद्देसूद लिहिलं होतं की शंकाच उरली नसणार.

२४ फेब्रुवारी

पलंग गेला. सुताराच्या पोऱ्याने नाही, सुताराने स्वतः खोलला, सागवान आहे म्हणून. त्याच्या कारखान्यात भिंतीला लावून ठेवणार आहे. गिऱ्हाईक मिळालं तर बघू म्हणाला. हिने आधी चादर काढली, घडी घातली आणि स्वतःच्या कपाटात ठेवली. मला वाटलं भांडेल. भांडली नाही. मला ते आवडलं नाही.

पलंगाच्या चार पायांचे चार डाग फरशीवर राहिलेत. ओल्या फडक्याने पुसले, साबणाने पुसले. जात नाहीत. पण कपाट बरोबर त्यावरच येणार आहे, झाकले जातील.

१ मार्च

कपाट उभं राहिलं! काय सांगू. दिवसभर दुकान बंद ठेवून, लग्नात दिलेलं दीपगृह सोडून, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस मांडली. प्रत्येक मॉडेलला एक फोटोची बाजू असते आणि एक भिंतीकडची. भिंतीकडच्या बाजूला डिंकाचा ओघळ असतो, अंगठ्याचा ठसा असतो, उलटं लागलेलं एखादं दार असतं. ती बाजू माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. टगबोट मधोमध, डोळ्यांच्या रेषेत. दुधाचा वास अजून थोडा येतो, पण काच लावली की येत नाही. आणखी डझनभर मावतील एवढी जागा आहे.

खोलीत एक स्टूल ठेवलंय. त्यावर बसून संध्याकाळभर नुसता बघत होतो. ही एकदा डोकावली आणि म्हणाली, "छान दिसतंय." एवढंच. मी तिच्याकडे नीट पाहिलं असतं तर बरं, पण तेव्हा क्रेनचा दोर किंचित सैल दिसत होता.

३ मार्च

भिंगरी आली. टेम्पोतून, अकरा खोकी घेऊन. चारही बाजूंनी तिच्या अक्षरात "ही बाजू वर". एकही खोकं आतून वाजत नाही. माझ्या सूचना इतक्या तंतोतंत कुणीच पाळल्या नसत्या. जावई सोबत नाहीत. येणारही नाहीत. हे मला हिने हाताला धरून स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, तेव्हा कळलं.

खोलीच्या दारात ती जरा थांबली. म्हणाली, "सुंदर झालंय, बाबा." आणि हॉलमधला सोफा उघडायला गेली. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

सुताराला फोन केला: पलंग आण, कपाट काढ. "काका, परवाच तर बसवलं!" म्हटलं, माझं माप चुकलं. मॉडेलं उतरवून जेवणाच्या टेबलाखाली ठेवली, भिंतीकडची बाजू पुढे आली तरी तशीच.

खोकी हॉलमध्ये आहेत. काय झालं ते तिला विचारलेलं नाही. आल्या आल्या उघडायचं नसतं.