तुमचा रिपोर्ट साफ होता, तरी

प्रिय दिपूचे पप्पा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. कशाला लिहायची? पण काल तुमच्या आई माझ्यासोबत दवाखान्यात आल्या, आणि तेव्हापासून मला नीट बसवत नाही. त्यांनी काल जे परक्या बाईकडून ऐकलं, ते तुमच्या तोंडून ऐकायला पाहिजे होतं.

गोळ्या आणायला मी एकटीच जाते. हर्सूलहून रिक्षा, मग रांग. काल तुमच्या आईंना, आत्याबाईंना, चक्कर येत होती, घरी एकटं सोडवेना, म्हणून नेलं. गोळ्यांआधी समुपदेशनाच्या मॅडम दोन शब्द बोलतात. त्यांच्यासमोर आत्याबाई एकदम म्हणाल्या, "बाई, माझ्या लेकाची तपासणी आधी झाली व्हती. काहीच निघालं नाय. मग हिची झाली, अन् हिला एचआयव्ही निघाला. कुणी कुणाला दिला, तुमीच सांगा!"

माझ्यासमोर! आणि मला रागसुद्धा आला नाही. एवढी दमले आहे मी ते ऐकून ऐकून.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "तपासणीच्या आधी त्यांना ताप आला होता का?"

"आला की. सुरतेहून कामावरून आला तवा. घसा धरला, अंगावर पुरळ. मीच काढे दिले."

तेव्हा मॅडमनी समजावून सांगितलं. लागण नवी असते तेव्हा असा ताप येतो. त्या दिवसांत विषाणू रक्तात आणि वीर्यात सगळ्यात जास्त असतो, जोडीदाराला लागण व्हायचा धोकाही तेव्हाच फार. पण साधी तपासणी विषाणूला शोधत नाही. शरीर त्याच्याशी लढायला जे तयार करतं, ते शोधते. ते तयार व्हायला काही आठवडे जातात. तोवर रिपोर्ट साफच येतो. "आजी, तुमच्या मुलाचा रिपोर्ट खोटा नव्हता. लवकर काढलेला होता."



तुम्हाला तो ताप आठवतो? उतरला तसं तुम्ही मला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं होतं. सुरतेतली ती बाई, तुमची भीती, सगळं. मी किती रडले! मग तुम्ही तपासणी करून आलात. "सुटलो गं," म्हणालात. आणि मी माफ केलं. एसटीनं पैठणला गेलो आपण, धरणाच्या कडेला बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. लग्नानंतर तुम्ही माझ्याशी एवढं गोड कधी बोलला नव्हता. आपल्याला वाटलं, संकट टळलं. ते तर तेव्हा सगळ्यात जवळ होतं!

दिपू पोटात राहिली, दवाखान्यानं माझं रक्त घेतलं, आणि तिथंच कळलं. मग तुमचं परत तपासलं. तुम्हालाही निघालं. घरात आत्याबाई म्हणाल्या, "हिनंच आणलं." तुम्ही जेवत होता. मान वर केली नाही. का हो? मला सांगायची हिंमत झाली होती ना तुमची? मग आईला एक वाक्य सांगायला काय झालं होतं?

पुढं टीबी झाला तेव्हा खाटेवर मला म्हणालात, "पहिली तपासणी साफ निघाली तवाच तीन महिन्यांनी परत या म्हणले होते ते. मी गेलोच नाय. भ्या वाटलं." गोळ्याही अशाच सोडल्या तुम्ही, ठणठणीत आहे म्हणून. मी घेत राहिले. दिपू निरोगी निघाली ती त्या गोळ्यांमुळं. तेवढंही बघायला थांबला नाहीत.

काल रिक्षात आत्याबाई म्हणाल्या, "तू मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं होतं, आत्याबाई. लई वेळा."

"व्हय," त्या म्हणाल्या. "ऐकलं नाय मी."

घरी येऊन त्यांनी जालन्याला तुमच्या बहिणीला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, तरी मुद्दाम मोठ्यानं बोलल्या. "सुनंदानं नाय आणलं. आपल्या पोरानं आणलं. तू ज्याला ज्याला सांगितलं, त्याला आता हे बी सांग." मग फोन ठेवून भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. जेवल्या नाहीत.

मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? झाला नाही. नुसतं झोपावंसं वाटलं.

दिपू आता कॉलेजात जाते. तिला एवढंच माहीत आहे की पप्पा टीबीनं गेले. आता तिला सगळं सांगणार आहे, हा माझा शब्द. तुम्ही स्वतःहून कबूल केलंत, तेही सांगेन. गप्प बसलात, तेही. तिच्या लग्नाचं निघालं की दोघांची तपासणी करायला लावीन, आणि परत बोलावलं तर स्वतः सोबत जाईन. तुम्हाला तिच्यासमोर वाईट ठरवणार नाही. पण तुम्हाला चांगलं ठेवायला तुमचं ओझं माझ्या अंगावर घेणार नाही. तेवढी ताकद राहिली नाही आता.

तुमची,
सुनंदा