पावशेर सरकी

माय,

काल बाजारात चारचौघांत मी एक वाक्य बोललो, आणि ते माझ्याच तोंडून निघालं हे मला अजून खरं वाटत नाही. गुरांचे सरकारी डॉक्टर आले होते. कुणीतरी वर्षाचा एक बोकड ओढत आणला. पाठीची कमान झालेली, शेपटी थरथरतेय, दर घडीला जोर करतोय नि कण्हतोय. मालक म्हणाला, पोट बांधलंय, एरंडेल पाजलंय. मी लांबूनच ओळखलं, मूत अडलंय. डॉक्टरांची पेटी उघडेपर्यंत मी बोकड ढुंगणावर बसवला होता, तुझ्या सुनेनं मागचे पाय धरले होते आणि कात्री माझ्या हातात होती. लिंगाच्या टोकाला दोऱ्यासारखी शेपटी असते, तिच्यात खडा अडकलेला. छाटली. आधी दोन थेंब रक्ताचे, मग धार. लोक ओरडले. डॉक्टर म्हणाले, "वा भाऊ! हे कुणाकडे शिकलात?" मी म्हणालो, "कुणाकडे नाही, साहेब. माझं मीच."

तुझी सून बोकडाचे पाय सोडून उठली. माझ्याकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "कात्री धुऊन जागेवर ठेवा. मायची आहे ती."

तेव्हापासून मी ते दिवस आठवतो आहे, आणि जितकं नेमकं आठवावं तितका हादरतो आहे. इंग्रजांचा झेंडा उतरला त्याच्या पुढचं वर्ष. आमची दोन लेकरं मातीत गेल्यावर तिसरं लेकरू, ही मुलगी, जगली होती. ती वर्षाची झाली की शिवेवरच्या देवीला काळा, अव्यंग बोकड द्यायचा, हा नवस तुझा. भिंतीपलीकडची मोठी काकू म्हणाली होती, "पोरीसाठी बोकड? काय बाई थाट!" तू म्हणालीस, "जगनी ना ती? मंग!" तुझं माहेर धुळ्याकडचं, तीस वर्षं पहूरला राहूनही अहिराणी सुटली नाही. शेळीनं दोन नर दिले, त्यातला थोरला मी निवडला आणि जाहीर केलं की हा मीच वाढवणार. शेळ्या तू जन्मभर पाळलेल्या. मी मात्र पाचोऱ्याच्या कापसाच्या जिनात काट्यावर बसणारा, मराठी सातवी, पुढचं सगळं पुस्तकांतून आपलं आपण मिळवलेलं. बोकडाचं काय एवढं, असं मला वाटे.

तीन महिने झाले तेव्हा तू म्हणालीस, त्याला मायपासून तोड. मी हसलो. दूध पितं करडू, त्याला काय कळतं? पंधरा दिवसांत ते दूधपितं स्वतःच्या आईवर चढताना मी डोळ्यांनी पाहिलं आणि तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. तू त्याचं दावं सोडून पलीकडच्या खुंट्याला बांधलंस. त्याच्या कपाळाला तळवा लावून मी ढकलाढकली खेळायचो. त्याला ती सवय लागली. एकदा मुलगी कडेवर असताना त्यानं तुझ्या सुनेला मागून अशी धडक दिली की दोघी गव्हाणीत. मुलीला काही झालं नाही, पण तू मला बोललीस ते सगळ्या आळीनं ऐकलं. "कपायले हात लाऊ नको, कितला डाव सांगू? काल पोर व्हतं, आज नर शे तो!" दर रविवारी मी त्याची छाती सुतळीनं मोजायचो, सुतळीला गाठ मारायचो. गाठी पुढे सरकाव्यात म्हणून सरकी सुरू केली. जिनात सरकीला काय तोटा! संध्याकाळच्या छोट्या गाडीनं पुरचुंडी घेऊन यायचो. आधी मूठभर, मग छटाक, मग पावशेर, रोज. आता किलो आलेत, पण ते माप मला शेरातच आठवतं. तू पाटीत वाकून पाहिलंस आणि म्हणालीस, "हाऊ बैल नही रे. नरले इतली सरकी नको, मुतखडा व्हस. पाला दे, पानी दे." मी पुस्तकाचं नाव सांगितलं. ते पुस्तक दुभत्या म्हशींचं होतं, हे मी सांगितलं नाही.

नवसाला तीन दिवस राहिले आणि बोकडानं पाठ वाकवली. मी एरंडेल पाजलं. दुसऱ्या सकाळी तू शेतातून आलीस, त्याच्या पोटाखाली हात घातलास, हात कोरडा निघाला. गोधडीची कात्री आणलीस. मी म्हणालो, "माय, नवसाचा आहे! व्यंग होईल!" तू म्हणालीस, "मरेल बकरा देवीले चालस का? पाय धर. आनि डोया उघडा ठेव. देख, पुढे तुलेच करनं पडी." तू त्याला ढुंगणावर टेकवलंस, कातडी मागे सारलीस, तो दोरा दोन बोटांत धरून मला दाखवलास. आत बाजरीच्या कणीएवढा पांढरा खडा होता. कात्री चालली, आणि माझ्या धोतरावर गरम धार पडली. तू हसत होतीस. आईनं असलं काम करावं आणि वर हसावं, याचाच मला तेव्हा धक्का.

देवीपुढे भगतानं बोकड तपासला. शिंगं, कान, खूर. काकू वाकून म्हणाली, "अन् हे खाली रक्त कसलं?" भगतानं विचारलं, "कुणाच्या हातून झालं?" मी तोंड उघडलं होतं, माय, हे मी शपथेवर सांगतो. पण तू माझ्याकडे पाहिलंस, जिनातली माणसं माझ्या मागे उभी होती ते पाहिलंस, आणि दोष अंगावर घेत म्हणालीस, "चूक मनी शे." मी तोंड मिटलं. बोकड देवीच्या नावानं सोडून दिला, पुढे पाच-सहा वर्षं तो गावभर माजून फिरला. आणि तू दंड म्हणून अकरा मंगळवार अनवाणी शिवेपर्यंत गेलीस, चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत. परत आलीस की मी तुझ्या पायांवर पाणी ओतायचो. सरकीचं नाव आपण दोघांनीही काढलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तुला ताप आला नि तू गेलीस. तेराव्याला काकू पंगतीत म्हणाली, "देवीच्या जिनसेला कात्री लावली, दुसरं काय होणार?" मी वरण वाढत होतो. पुढच्या पानाकडे सरकलो. ती अजून तेच सांगते, परवा माझ्या मुलीलाही सांगितलं. आणि काल मी बाजारात उभा राहून म्हणालो, माझं मीच. म्हणजे त्या एका सकाळची चूक तेवढी तुझ्या नावावर राहिली, आणि हुन्नर मी उचलला. इतकी वर्षं शेजारीपाजारी मला बोकडांसाठी बोलावतात, मी एकेक गोष्ट नेमकी सांगतो, पाला किती, पाणी किती, कधी तोडायचा. हे सगळं तुझंच आहे, हे काल त्या डॉक्टरांनी विचारेपर्यंत मला दिसलं कसं नाही? की दिसत होतं?

आत्ता तुझी सून दारात येऊन विचारून गेली, "काय लिहिताय एवढं?" मी म्हणालो, "बोकडांच्या खुराकाचं टिपण." तिनं कागदाकडे पाहिलं. "मग त्याच्यात सरकीचं बी लिहा," म्हणाली, आणि आत गेली.

सरकीचं लिहिलं, माय. वर लिहिलंच आहे, मापासकट. भिंतीपलीकडे काकू डाळ पाखडते आहे, सुपाचा आवाज इथं येतो. इथूनच हाक मारली तरी ती ओ देईल. मी अजून मारलेली नाही.