हलक्या पाण्यातले मासे

ता. ९ फेब्रुवारी, सोमवार

पोरी,

आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे, लाँड्री चालू आहे. तुम्ही दोघं बरे असाल. झाली खुशाली. फोनवर मी आवाज चढवते आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहिते. शुद्धलेखन तपासत बसू नकोस.

आधी कामाचं. उरलेल्या चार माशांचं पाणी एकदम सगळं बदलू नकोस. मी माशांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार बोलतो फार, पण शहाणा आहे. तो म्हणतो, आपल्या या सिक्लिड जातीच्या माशांना जड, क्षारांचं पाणी लागतं. तुमच्याकडे पीएच साडेसहा आहे, तो आठाच्या आसपास पाहिजे. पण चढवायचा हळूहळू, आठवडाभरात. एका दिवसात चढवलात तर हे चारही जातील. मी शिंपल्यांचा चुरा पाठवतेय. स्वच्छ धुऊन, फडक्यात पुरचुंडी बांधून फिल्टरमध्ये ठेव. तो विरघळत जातो तसं पाणी जड होतं. शोभेचं लाकूड टाकलंय ते काढ, त्याने पाणी आंबट होतं.

आता दुसरं.

या दुसऱ्या लग्नाआधी तू मला नवं घर दाखवायला नेलंस. तिथे हात धुतले. चिमूटभर साबणाला ओंजळभर फेस, आणि कितीही धुवा, हात निसरडेच. पस्तीस वर्षं लोकांचे कपडे धुतलेत मी. पाणी जड की हलकं ते मला साबण सांगतो, पाणी तपासायच्या तुमच्या त्या रंगाच्या थेंबांची गरज नाही. आमच्या नळाच्या जड पाण्याला जन्मभर शिव्या घातल्या, तेव्हा माझा पोरगा हसायचा. म्हणायचा, "आई, तुझ्या साबणाचा वैरी तो माझ्या माशांचा जीव आहे."

म्हणजे मला तिथेच, टॉवेल हातात असताना कळलं होतं, की त्याचे मासे या घरात टिकायचे नाहीत.

तू विचारलंस, "कसं वाटलं घर?"

मी म्हटलं, "उजेड चांगला आहे."

मग तुम्ही नवी काचपेटी आणलीत, अकरा मासे पिशव्यांत भरून नेलेत. मी दारात उभी राहून नीट न्या म्हणाले. एवढंच म्हणाले.

मला वाटलं, दोनचार मरतील, तू घाबरशील, बाकीचे परत आणशील. मासे इथे असले की तूही येत-जात राहशील. माझा पोरगा गेल्याला दोन वर्षं झाली. घरात आवाज म्हणून तुझाच तेवढा राहिला होता. हे कारण सांगतेय, सबब नाही.

सातवा मेला त्या दिवशी तुझ्या या कंडक्टर नवऱ्याचा फोन आला. मला आई म्हणतो, कुणी शिकवलं कोण जाणे. "आई, माझं काय चुकतंय? रोज पाणी तपासतो. ती म्हणते, दुसऱ्याचे मासे, म्हणून तुला त्यांची पडलेली नाही. दोन दिवस बोलत नाहीये." मी म्हटलं, "अहो, तिकिटं फाडल्यासारखा सारखा त्या पाण्यात हात घालू नका." आणि तेव्हाही सांगितलं नाही. फोन ठेवायच्या आधी तो नाक ओढत होता. बाप्या माणूस, माझ्या पोराच्या माशांसाठी रडत होता.

त्याने एकही मासा मारलेला नाही. सात मी मारले, तोंड न उघडता. हे पत्र त्याला वाचून दाखव. पाण्याचं नंतर बघ, आधी त्याच्याशी बोल.

चार जगले तर तिथेच वाढव. परत आणू नकोस. इथली जुनी पेटी काल मी देऊन टाकली, पुन्हा मला तसली बुद्धी नको व्हायला.

खाली तुझी सासू असं लिहायचा हक्क राहिला नाही, आणि आई लिहायला तोंड नाही. पत्र कुणाचं ते अक्षरावरून कळेलच.