दोन्हीकडून दाबायची डबी

चामोर्शी
ता. १२ डिसेंबर

प्रिय भाऊ फैज,

अस्सलाम वालेकुम. इथी आम्ही खुशाल. तुह्या भाभीचा, रशिदाचा सलाम. माही तहसीन चार वर्षांची झाली. अंगणवाडीत जाते अन् बाईलेच शिकवून येते. यंदा धान बरा झाला म्हणून धान्याच्या कोठ्यांले गिऱ्हाईक आहे. दिवसभर पत्रा ठोकून ठोकून कान बसले.

फोन सोडून पत्र काऊन, म्हणशील. घरात फोन एकच, अन् तुहा फोन आला की अब्बा तो स्पीकरवर टाकून मांडीवर घेऊन बसतेत. त्यांच्यासमोर माणूस काय बोलन? अन् त्यांले उर्दूशिवाय वाचता येत नाई, आपण दोघं झेडपीच्या मराठी शाळेतले. म्हणून मराठीत लिहून स्पीड पोस्टानं धाडून राह्यलो.

तुह्या डबीचे इथी लय लाड आहेत. लेकराले उघडली नाई पाहिजे अशी गोळ्यांची डबी तू केली. दोन्हीकडचे खळगे एकाच वेळी दाबले तरच झाकण निघते. आत प्लास्टिक नाई, स्प्रिंग नाई, सगळा एकच पत्रा. भंगारवाला आख्खी घेते अन् वितळवते. त्यासाठी कंपनीनं तुले स्टेजवर बोलावून शाल देल्ली. चांगलं आहे. आपल्या दुकानात पत्र्याची कातरणबी कधी फेकली नाई, मी त्याचे नरसाळे अन् रॉकेलच्या चिमण्या करतो. मले कोणी साधा रुमाल देल्ला नाई. असो.

गिऱ्हाईक आलं की अब्बा कोठी दाखवाच्या आधी खिशातून डबी काढतेत. "देखो, मेरे फैज ने बनाया." मंग तहसीनले हाक. ते पोट्टी डबी दातानं चावते, आपटते, वर उभी राह्यते, शेवटी भोकाड पसरते. अब्बा खुश, गिऱ्हाईक खुश. अन् मी मागे बसून कोठीचे काठ वळवत राह्यतो. परवा आपल्या शेजारचे पोचूभाऊ म्हणे, "लहान्याच्या हातात कला आहे हो, रहीम." मी म्हटलं, "अन् माह्या हाताले काय मेहंदी लागली?" हसले सारे. माह्या अंगाचा तिळपापड झाला होता, ते कोणाले दिसलं नाई.

तू फोनवर अब्बाले विचारलं होतं, म्हाताऱ्या माणसाले उघडते का? अब्बा म्हणे, "लोण्यासारखी." तू ते कंपनीले कळवलं. सोमवारी साचा पक्का होणार, मंग तशाच हजारो डब्या निघणार, असं तूच सांगितलं.

आता जे लिहाले बसलो ते लिहितो. मागच्या हप्त्यात अब्बा दुकानात पडले. घाबरू नको, आता बरे आहेत. तुले सांगू नको म्हणून त्यांनी कसम घातली होती. डॉक्टरनं विचारलं, बीपीची गोळी घेता का? अब्बा म्हणे, रोज. घरी येऊन मी डबी उघडली, तर रशिदानं भरून देल्लेल्या गोळ्या तशाच, एकबी कमी नाई.

मी डबी त्यांच्या हातात देल्ली. म्हटलं, उघडा. जन्मभर कातर चालवून त्यांचा उजवा अंगठा कसा ताठला आहे, तुले माहीत आहे. डावीकडचा खळगा दबे, उजवीकडून बोट घसरे. तोंड लालेलाल झालं. मंग डबी गोधडीखाली सरकवली अन् म्हणे, "फैजले नको सांगू. त्याचं नाव खराब होईन."

खरं सांगू? पहिले मले आनंद झाला. बाप खाटेवर पडला अन् मी मनात म्हणतो, फसली साल्याची डबी! मंग जे वाटलं ते त्याहून वाईट. माह्या कोठीचं झाकण जरासं वाकडं बसलं तर अब्बा बजारभर बोंबलतेत. अन् तुही डबी उघडत नाई हे झाकाले माणूस जिवावर उदार झाला. फैज, माह्यासाठी त्यांनी कधी काय झाकलं रे?

साचा थांबव. तुह्या डबीनं लेकरू वाचन, पण म्हातारा मरन. अन् लाजेपायी न बोलणारे म्हातारे काय एकटे आपलेच आहेत? झाकण सुधरव. तुले जमन. पोचूभाऊ खोटं नाई बोलले, हे मी जळत जळत लिहून राह्यलो.

आता हे पत्र मी याआधी काऊन नाई लिहिलं, ते आईक. रशिदानं गोळ्या स्टीलच्या डब्यात काढल्या होत्या. अब्बानं हट्टानं पुन्हा तुह्याच डबीत भरल्या. म्हणून आता रोज सकाळी नमाज झाली की ते डबी घेऊन माह्याजवळ येतेत. "रहीम, जरा," एवढंच म्हणतेत अन् बाजूले बसतेत. मी उघडतो. मुद्दाम हळूहळू उघडतो. तवर ते विचारतेत, रात्री झोप लागली का, पाठ दुखते का, तहसीन काय म्हणते. जन्मात कधी अब्बा माह्याजवळ काही मागाले आले नव्हते. तुले कळवलं तर तू झाकण सुधरवशील, अन् हे संपन. म्हणून पेन उचलत नव्हतो.

पण साचा सोमवारी आहे. उचलला.

तू सुधारलेली डबी साऱ्या दुनियेले दे. फक्त अब्बाले धाडू नको. त्यांच्याजवळ हेच राहू दे.

तुह्यावर जळणारा,
तुहा मोठा भाऊ
रहीम