कूलरमधला दात

सर, तो दात खरा होता. एवढंच सांगायला लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तरी परवा आमच्या कृमीच्या नव्या जातीचा पेपर स्वीकारल्याची मेल आली तेव्हा आधी तुमच्याशीच मनातल्या मनात भांडले, आणि जिंकले.

तुमचं नागपूरचं स्वयंपाकघर आठवतं ना? मे महिना, खिडकीत कूलर, आणि त्याच्या पाण्याला वास येतो म्हणून काकू कुरकुरतायत. मी तुमची पीएचडीची विद्यार्थिनी, जेवायला बोलावलेली, आणि ताटावरून उठून कूलरच्या तळाचा गाळ श्रीखंडाच्या डब्यात भरून घेतेय. डबा परत आणू नकोस, काकू म्हणाल्या. त्या गाळात सूत्रकृमी निघाले, कुणाच्या पोटात न राहता ओल्या मातीत, गाळात स्वतःचं स्वतः जगणारे, डोळ्यांना न दिसणारे. बाकी सगळे ओळखीचे होते. एका मादीच्या तोंडात मात्र दात दिसला, त्या गटात कुणालाच नसतो तसा. मी तिची स्लाइड केली, चित्र काढलं, नावसुद्धा ठरवून तुमच्यासमोर येऊन उभी राहिले.

तुम्ही बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलात. मग विचारलंत, "पाणी मोजलं होतं का तू?" कृमी मारायला गरम पाणी लागतं, पण ते उकळतं असलं की कातडी आत चुरगळते आणि नसलेले अवयव दिसायला लागतात, हे तुम्हीच शिकवलेलं. मी हो म्हटलं. "तरी ही सुरकुतीच आहे. एका मेलेल्या मादीवर जात उभी राहत नाही. जिवंत दाखव, मग बोलू." हे सगळ्या प्रयोगशाळेसमोर, आणि वर वर्षभर मला 'दातवाली बाई' म्हणून चिडवलंत. फार राग आला होता, अजून थोडा आहे. पण नोकरीसाठी चंदीगडला निघाले तेव्हा तीच स्लाइड तुम्ही कपाटातून काढून रुमालात गुंडाळून दिलीत आणि फेकू नको म्हणालात.

त्याआधी दोन उन्हाळे मी काकूंचा कूलर उपसला होता, काही मिळालं नाही. मग इथे सेक्टर ३९ मध्ये, दर उन्हाळ्यात, ज्याचा म्हणून कूलर धुवायला निघेल त्याच्या दारात मी डबा घेऊन हजर. शेजारपाजारचे मला कीड़ेवाली डॉक्टर म्हणतात. मधल्या काळात इतर बऱ्याच जातींना नावं दिली, त्यांचं कौतुकही झालं, पण दात काही सापडेना. या जूनमध्ये वरच्या मजल्यावरच्या आंटीजींनी कूलरची जुनी घास, म्हणजे जाळीतलं गवत, काढली आणि स्वतःच हाक मारली, "ले जाओ जी, आपका खज़ाना."

शनिवार होता, लेक सोबत होती. काचेवर पाण्याचा थेंब, त्यात एक जिवंत मादी, आणि तिच्या तोंडात दात हलतोय. मी लेकीला पुढे ढकललं. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच. "मम्मा, ये तो चबा रही है यार." मी प्रयोगशाळेत टाळ्या वाजवल्या सर, या वयात. नंतर त्याच घासेतून कितीतरी माद्या निघाल्या आणि चक्क नरही निघाले. प्रत्येकाला दात. नाव तुमचं दिलं नाही, रागावू नका. लॅटिनमध्ये स्वयंपाकघराला जो शब्द आहे त्यावरून दिलं, म्हणजे काकूंच्या वाट्याला गेलं.

पेपर वाचून लेकीने विचारलं, सगळ्या स्लाइड्सची यादी दिलीस, रुमालातली "पुरानी वाली क्यों नहीं डाली?" मी म्हटलं, जुनी झाली, नीट दिसत नाही. तसं नाहीये. स्लाइड स्वच्छ आहे, आत्ता हे लिहिताना टेबलावरच आहे. सर, त्या दिवशी मी पाणी मोजलं नव्हतं. जेवून उशीर झाला होता, किटलीतलं उकळतं पाणी तसंच ओतलं. या जुन्या स्लाइडवर दिसतो तो दात आहे की सुरकुती, हे मला आजही सांगता येत नाही.