एको फक्त कानात

बुवा, आधी एक कबूल करा. सप्ताहातल्या त्या दुपारी मला सांगून माइकचा एको बंद केला असतात तर काही आभाळ कोसळणार नव्हतं. इतकी वर्षं हे मनात धरून होते. गेल्या आठवड्यात तो राग गेला, म्हणून आज लिहायला बसले.

माझ्या लेकीने घरी एक डबा आणलाय. ती सावंतवाडीला शिकते, सुट्टीत आली की गाणी रेकॉर्ड करते. डबा मिसळणाच्या डब्याहून लहान. एका अंगाला माइकची वायर, दुसऱ्या अंगाला लॅपटॉप, आणि एको चक्क आतच भरलेला. आपल्या वेळी स्पीकरवाला एकोचं मशीन वेगळं घेऊन यायचा, आणि ते आलं नाही तर मंडळी गायला बसायची नाहीत, आठवतं? ती ह्याला ऑडिओ इंटरफेस म्हणते, मी डबाच म्हणते. वाडीतल्या बायकांनी यंदा भजन मंडळ काढलंय आणि चतुर्थीला त्यांना तुमच्या गजराची चाल हवी आहे. तुमच्याबरोबर गाणारे एकेक करून गेले. जे उरलेत त्यांना शब्द आठवतात, चाल नाही. तुम्ही कधी कॅसेट काढू दिली नाहीत, "गळ्यात ठेवा रे, गळ्यात," म्हणायचात. घ्या! गळा उरला तो माझा एकटीचा, आणि तोही त्या सप्ताहापासून बंद. मी चुकले तर चुकलेलंच तुमचं म्हणून वाडीभर गायलं जाणार, ह्या धास्तीने मी महिनाभर टाळाटाळ केली.

त्या दुपारी मी सोळा वर्षांची आहे. देवळात आपल्या वाडीची भजनाची पाळी आलीय, माइक माझ्या हातात, आणि माझा आवाज सभामंडपभर फिरून पुन्हा माझ्याकडे येतोय. मी खुशीत. गजर अर्ध्यावर आला आणि तुम्ही पेटीवरून हात न काढता स्पीकरवाल्याला मानेने खुणावलंत. एको गेला. एकदम माझा आवाज परसात हाका मारल्यासारखा उघडा पडला. ओळ तिथेच टाकून मी उठले ती थेट घरी. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. मी चुलीजवळ खोबरं खवत होते. आई हाका मारतेय, "बुवा इलेत गो, भायर ये." मी ढिम्म. तेव्हा तुम्ही ओटीवरून म्हणालात, "ऱ्हवांदे, रागावला आसा तां. तेका एकोची गरज नाय, म्हणान बंद केलंय." मला वाटलं, आईला वाईट वाटू नये म्हणून सारवासारव करताय. मी करवंटी खरवडली जाईपर्यंत खवत राहिले, तुम्ही चहा घेऊन गेलात. त्यानंतर कोणीही गायला बोलावलं की माझा घसा बसलेला असायचा. दोन वर्षांत तुम्ही गेलात.

तर गेल्या आठवड्यात. भाताची पोती ठेवतो त्या खोलीत लेकीने माइक लावून दिला, तिथे आवाज घुमत नाही म्हणे. "ह्या लाल टिकलीवर बोट ठेव आणि गा," एवढं सांगून ती दुपारच्या एसटीने गेली. मी हेडफोन चढवले, पेटीची एक पट्टी दाबून सा धरला, आणि अगं बाई, तोच एको! देवळातला! आवाज फिरून कानात येतोय. चुकलं तरी ह्यात झाकून जाईल, असं मनाला समजावत मी गजर शेवटपर्यंत गायले. मग लेकीला फोन केला.

"एको जास्त झालो काय गो?"

ती हसायलाच लागली. "आये, एको फक्त तुझ्या कानात होतो. गाताना बरा वाटता म्हणान तसो लावलंय. रेकॉर्डिंग सुक्यांच येता, एकोशिवाय."

म्हणजे पुन्हा उघडा गळा! "पुसून टाकतंय," मी म्हटलं. "आधी आयक तरी," ती म्हणाली.

ऐकलं. पेटीच्या भात्याचा श्वास, कौलावरचा कावळा, मध्येच माझं खाकरणं, सगळं स्पष्ट. आणि सूर? बुवा, सूर जागच्या जागी होता. ना खाली, ना वर. मी पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मग ओटीवरचं तुमचं बोलणं आठवलं आणि मी त्या पोत्यांवर बसून रडले, हसले, दोन्ही एकदम. खरंच सांगत होतात हो तुम्ही! आणि मी मेली खोबरं खवत बसले होते. केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू, त्या संध्याकाळी भाकऱ्या थापतानाही मी गात होते.

रेकॉर्डिंग तसंच, सुकंच, बायकांना पाठवलं. रविवारी तालमीला गेले तर सगळ्यांची चाल पाठ. आता एकच राहिलं. मी त्या दिवशी जिथे ओळ टाकून उठले होते ना, तिथून पुढची सुरांची जागा, ते वळण, मला काही केल्या आठवलं नाही. गाताना जे गळ्यात आलं ते घेतलं. बायकांना नेमकं तेच आवडलंय. परत परत घेतात आणि एकमेकींना सांगतात, "बुवांची जागा बघा कशी!" मी गप्प बसून टाळ वाजवते. एकोच्या आड लपू नको म्हणून तुम्ही तो बंद केलात, आणि आता मी तुमच्याच आड लपलेय. हा कागद पेटीच्या खोक्यात ठेवतेय. ती जागा माझी आहे, बुवा.