जुन्या डब्याचं स्टिकर

कुपवाड, मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस वही उघडायची टाळली. उघडली की खरं लिहावं लागतं.

अण्णांच्या कारखान्यात टेलिफोनचा नवा एक्स्चेंज, म्हणजे आतले सगळे फोन बाहेरच्या लाइनला जोडणारा डबा, मी बसवला. स्वस्तातल्या त्या डब्याला सरकारी मान्यता नव्हती, आणि तसा डबा बाहेरच्या लाइनला जोडायचा नसतो, हे मला माहीत होतं. तरी जुन्या जळक्या डब्यावरचं मान्यतेचं स्टिकर ड्रायरनं गरम करून काढलं आणि नव्यावर चिकटवलं. किती सफाईनं निघालं! तेव्हा स्वतःचंच कौतुक वाटलं.

आज कळलं, उद्या टेलिफोन खात्याची तपासणी आहे. डबा मान्यताप्राप्त आहे, असं लिहिलेल्या कागदावर अण्णांनी स्वतः सही केली नाही, फोन घेणाऱ्या सुनंदाताईंना करायला लावली. त्या मला म्हणाल्या, "तूच बसवलाईस न्हवं? मग मी कशाला वाचू रं? च्या घे." मी चहा घेतला. घेतला!

स्टिकरवरचा नंबर डब्याच्या आतल्या नंबराशी जुळणार नाही. नोकरी जाईल ती ताईंची. माझं काय, सकाळच्या एसटीनं कराड, तिथून महाबळेश्वर. तिथले हॉटेलवाले कामावर घेताना कुठून आलास विचारत नाहीत. स्ट्रॉबेरी असेल का आता? हे काय लिहितोय मी! स्टिकर फाडून टाकू? पण ताईंची सही तर राहतेच.

जिन्यात कोण?

सुनंदाताई. माझ्या खोलीवर कधीच आल्या नव्हत्या. दारातूनच म्हणतायत, "उद्या ते सायब आलं की माझ्याजवळ थांब रं. मला त्यातलं काय कळत न्हाई."